एल्कच्या शिकारीसाठी 'प्रीमियम' काडतूस: जास्तीचे पैसे नक्की कशाचे?

कोलोरॅडोत ऑक्टोबरपासून एल्कचे (सांबराच्या जातीचं इथलं मोठं हरीण) रायफल सीझन सुरू होतात, आणि त्याच्या आधी महिनाभर बंदुकीच्या दुकानात तेच तेच दिसतं, टॅग (एक जनावर मारायचा परवाना) मिळालाय, रायफल घेतलीय, पण काडतुसं कुठली घ्यायची ते काही ठरत नाही. एकट्या .३०-०६ या मापाच्या काडतुसाचे (याला इथे सगळे थर्टी-ऑट-सिक्स म्हणतात) दहा-पंधरा प्रकारचे डबे समोर मांडलेले असतात. वीस काडतुसांचा एक डबा ढोबळमानाने तीस-पस्तीस डॉलरला, शेजारचा साठ-सत्तरला, काही त्याच्याही वर, आणि डब्यावरचे शब्द बघावेत तर बॉन्डेड, पार्टिशन, मोनोलिथिक, पॉलिमर टिप, हाय बीसी. ज्यांनी नुकताच हंटर एज्युकेशनचा कोर्स केलाय (१ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोरॅडोत लायसन्ससाठी तो लागतोच) त्यांना कोर्समध्ये बंदूक सुरक्षित कशी हाताळायची हे चांगलं शिकवतात, पण काडतूस निवडायचं कसं हे तिथे ओझरतंच येतं. ओळखीतले मराठी लोक मला हाच प्रश्न विचारत असतात म्हणून एकदा नीट लिहितोय.

सुरुवातीलाच सांगतो, हे सगळं अमेरिकेतल्या लायसन्स, टॅग आणि कोट्याच्या शिकारीबद्दल आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि ती असायलाच हवी असं माझं मत आहे. इथली पद्धत वेगळी आहे. कुठल्या भागात किती जनावरं मारायची ते राज्याचं वन्यजीव खातं मोजणी करून ठरवतं, मांस टाकून दिलं तर गुन्हा होतो, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर लागतो, तो बनवणाऱ्या कंपनीकडून घेतात आणि तो पैसा राज्यांना मुख्यतः वन्यजीव संवर्धनासाठी मिळतो. म्हणजे तुम्ही डबा विकत घेतलात की त्यातला थोडा पैसा जंगलाकडे जातोच.

आता मुद्द्यावर. काडतुसात चार गोष्टी असतात, पितळी केस, त्याच्या बुडात प्रायमर (ठिणगी पाडणारी छोटी टोपी), आत दारू, आणि पुढे बसवलेली गोळी. या लेखात गोळी म्हटलं की फक्त ते पुढचं टोक, जे नळीतून बाहेर जातं तेवढंच. केस, प्रायमर, दारू यांचं काम गोळी नळीबाहेर पडेपर्यंत संपलेलं असतं, जनावराला जाऊन भिडते ती एकटी गोळी. प्रीमियम काडतुसाचे जास्तीचे पैसे बहुतांश त्या गोळीचे असतात. काही डब्यांत केसला निकेलचा मुलामा असतो, प्रायमर पाण्यापासून सील केलेला असतो, त्याचा बर्फापावसात उपयोग होतो, पण ती वरची गोष्ट. म्हणून डब्यावर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात असलं तरी तुम्ही शोधायचं ते आत बसवलेल्या गोळीचं नाव. फेडरल ही मिनेसोटातल्या अनोका गावची कंपनी, तिने १९७७ मध्ये प्रीमियम नावाची मालिका काढली तेव्हा कल्पना हीच होती, की दुसऱ्यांच्या नावाजलेल्या गोळ्या घेऊन त्या फॅक्टरीतच भरून विकायच्या, त्याआधी अशा गोळ्या हव्या असतील तर घरी बसून स्वतः काडतुसं भरावी लागायची.

गोळीकडून आपल्याला हवंय काय? जनावर गोळीच्या धक्क्याने मरत नाही, सिनेमात दाखवतात तसं मागे उडून पडत नाही. ते मरतं रक्तस्रावाने, फुफ्फुसं किंवा हृदय फाटलं की काही सेकंदांत मेंदूला रक्त पोचायचं थांबतं आणि ते कोसळतं. म्हणजे गोळीने दोन कामं करायला हवीत, आत गेल्यावर फुलून रुंद जखम करायची आणि तरीही फुफ्फुसांपर्यंत, शक्यतो पलीकडच्या बाजूने बाहेर जायचं. आणि गोची इथेच आहे, कारण ही दोन्ही कामं एकमेकांच्या विरोधातली आहेत. जितकी गोळी जास्त फुलेल तितकी ती लवकर अडेल, जितकी कमी फुलेल तितकी ती लहान भोक पाडून नुसती आरपार जाईल आणि जनावर मैलभर पळून कुठेतरी झाडीत तासन्‌तास तडफडेल. गेल्या सव्वाशे वर्षांतलं शिकारी गोळ्यांचं सगळं डोकं या एका भांडणावर खर्च झालंय.

अजिबात न फुलणारी गोळी म्हणजे फुल मेटल जॅकेट, सैन्यात वापरतात ती. ती एल्क-हरणासाठी वापरायची नाहीच, कोलोरॅडोत फुलणारी गोळी कायद्यानेच लागते. इथे एक आपल्याकडचा धागा आहे. १८९० च्या दशकात ब्रिटिशांच्या कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्यात टोकाला शिसं उघडं ठेवलेली, शरीरात फुलणारी लष्करी गोळी बनली, त्यावरून युरोपात एवढा गदारोळ झाला की १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्या युद्धात वापरायला मनाई करण्यात आली. आणि आज शिकारीत मात्र नेमकी तशीच गोळी सक्तीची आहे. यात विसंगती नाही. युद्धात सैनिक जखमी होऊन लढाईबाहेर गेला की झालं, त्याच्यावर उपचार होऊ शकतात. रानातल्या जखमी जनावराला डॉक्टर नाही, त्याच्यासाठी झटपट मरण हीच दया.

साधी शिकारी गोळी म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूचं कवच आणि आत शिसं, टोकाला शिसं थोडं उघडं. रेमिंग्टनची कोअर-लॉक्ट १९३९ पासून आहे, अजून विकली जाते, आणि तिने किती हरणं घरी आणली असतील याला गणती नाही. व्हाइटटेल हरीण, शंभर-दोनशे यार्ड अंतर, .३०-०६ किंवा .३०८, अशा कामाला ही स्वस्त गोळी पुरेशी आहे आणि तिथे सत्तर डॉलर घालवायची काहीच गरज नाही, हे मी ठामपणे सांगतो. कारण व्हाइटटेलचा नर सत्तर-ऐंशी किलोचा, बरगड्या पातळ, फार खोल जायचंच नसतं.

एल्कचं तसं नाही. नर सव्वातीनशे किलोच्या आसपास, मादीसुद्धा सव्वादोनशे. आपल्या सांबराचाच नातेवाईक म्हणा, पण अंगाने आणखी मोठा आणि फार चिवट. मूस हा हरणांच्याच कुळातला, पण त्याहून मोठा, अलास्कातला नर सातशे किलोपर्यंत जातो. एल्क अगदी आडवा, कुशीने उभा असेल आणि गोळी नुसत्या बरगड्यांमधून गेली तर साधी गोळीही काम करते. पण रानात एल्क कुशीने उभा राहायला थांबत नाही. तो तिरका तुमच्याकडे तोंड करून उभा असतो आणि फुफ्फुसांच्या वाटेत खांद्याचं जाड हाड येतं, किंवा तिरका पाठमोरा असतो आणि गोळीला पोटाचा चाऱ्याने भरलेला भाग ओलांडून पुढे जावं लागतं. अशा वेळी साधी गोळी हाडावर फुटते, कवच एकीकडे, शिसं एकीकडे, आणि खांद्यावर मोठी पण उथळ जखम होते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं जबरदस्त लागली, आणि जनावर मात्र तीन पायांवर डोंगर चढून निघून जातं.

हेच १९४६ मध्ये जॉन नोस्लर नावाच्या माणसाबरोबर कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात झालं. त्याच्याकडे .३०० एच अँड एच मॅग्नम होती, त्या काळातली वेगवान रायफल, आणि समोर चिखलाने माखलेला मूस. गोळ्या इतक्या वेगात जाऊन आदळल्या की आत शिरण्याआधीच फुटत गेल्या. नोस्लरने घरी येऊन डोकं लावलं आणि गोळीच्या मधोमध तांब्याची आडवी भिंतच घातली, पुढच्या खणातलं शिसं फुलेल, फुटेल, काय व्हायचं ते होऊ दे, भिंतीच्या मागचा अर्धा भाग शाबूत राहून पुढे घुसत जाणार. पुढच्या वर्षी त्याने ती मूसवर वापरून बघितली आणि १९४८ मध्ये धंदा सुरू केला. ती नोस्लर पार्टिशन. आज सगळे नवीन नवीन नावांच्या मागे असतात पण पार्टिशन अजूनही मोठ्या जनावरासाठी अतिशय भरवशाची गोळी आहे, जवळून मारा, लांबून मारा, हाडावर मारा. ती साधारण दोन-तृतीयांश वजन राखते, उरलेलं आत तुकडे होऊन जातं, आणि ते ठरवून केलेलं आहे, तो दोष नव्हे.

दुसरा रस्ता बॉन्डिंगचा. कवच आणि शिसं नुसतं एकमेकांत दाबून न बसवता ते धातूपातळीवर जोडूनच टाकायचं, म्हणजे हाड लागलं तरी दोघं वेगळे होत नाहीत. नोस्लरची अ‍ॅक्यूबॉन्ड, फेडरलची ट्रॉफी बॉन्डेड आणि टर्मिनल असेंट, नॉर्माची ओरिक्स, स्विफ्टची सिरोको ही सगळी या घरातली. स्विफ्ट ए-फ्रेममध्ये तर भिंतही आहे आणि पुढचं शिसं बॉन्डेडही आहे, फार दणकट, मूस आणि अस्वलासाठी लोक शोधून घेतात. बॉन्डेड गोळ्या मला पहिल्यांदा एल्कला जाणाऱ्यांसाठी सगळ्यात समतोल वाटतात, याचं कारण पुढे वेगाच्या हिशोबात येईलच.

तिसरा रस्ता म्हणजे शिसं काढूनच टाकायचं. बार्न्स कंपनीच्या रँडी ब्रूक्सने १९८९ मध्ये बाजारात आणलेली एक्स बुलेट अखंड तांब्याची होती, टोकाला पोकळी, जनावराच्या आत शिरली की तिथल्या द्रवाच्या दाबाने टोक उमलून चार पाकळ्या होतात आणि मागचा दांडा तसाच घुसत जातो. वजन जवळपास सगळंच टिकतं. पहिल्या आवृत्तीत नळीत तांबं फार चिकटायचं, नेमाच्याही तक्रारी होत्या, नंतर अंगावर खाचा पाडलेली टीएसएक्स आणि पॉलिमर टोकाची टीटीएसएक्स आली आणि तो त्रास बराच मिटला. आता हॉर्नाडी, नोस्लर, फेडरल सगळ्यांच्याच तांब्याच्या गोळ्या आहेत.

चौथा प्रकार लांब पल्ल्याचा, हॉर्नाडीची ईएलडी-एक्स वगैरे. बारीक लांब आकार, हवेत वेग कमी गमावतात, डब्यावर हाय बीसी लिहिलेलं असतं ते हेच, बीसी म्हणजे बॅलिस्टिक कोइफिशंट, हवा कापायची क्षमता. या गोळ्या लांबवर, वेग कमी झाल्यावरही फुलाव्यात म्हणून जरा मऊ ठेवलेल्या असतात, आणि त्याचीच दुसरी बाजू अशी की अगदी जवळून, पूर्ण वेगात, खांद्याच्या हाडावर लागल्या तर त्या बॉन्डेड किंवा तांब्याच्या गोळीइतक्या एकसंध राहत नाहीत.

आता तो वेगाचा हिशोब, आणि या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. प्रत्येक गोळीला फुलण्यासाठी एक वेगाची खिडकी असते. फार हळू गेली तर फुलतच नाही, फुल मेटल जॅकेटसारखी बारीक भोक पाडून जाते, फार जोरात गेली तर फुटते. आणि हा वेग नळीच्या तोंडाशी असलेला नव्हे, जनावराला लागतानाचा. डब्यावर मोठ्या आकड्यात छापलेला असतो तो नळीच्या तोंडाशी असलेला, जो बघून लोक भुलतात.

.३०-०६ चं १८० ग्रेनच्या गोळीचं उदाहरण घेऊ. ग्रेन हे वजनाचं जुनं माप, ७००० ग्रेनचा एक पौंड, आणि १८० ग्रेन म्हणजे बरोबर आपला जुना एक तोळा, ११.६६ ग्रॅम. ही गोळी सेकंदाला साधारण २७०० फूट वेगाने निघते. चांगल्या निमुळत्या आकाराची असेल तर ३०० यार्डांवर वेग २१५० च्या आसपास, ४०० वर दोन हजाराच्या जरा खाली, ५०० वर साधारण १८००. आता तांब्याच्या गोळ्या धातूच कडक असल्याने नीट फुलायला बहुतेकदा १८०० ते २००० फूट वेग मागतात, काही त्याहून थोडा कमी. म्हणजे .३०-०६ मधून १८० ग्रेनची तांब्याची गोळी ४०० यार्डांवरच काठावर आली, तुम्हाला नेमाने ५०० वर मारता येत असेल तरी गोळी तिथे तिचं काम करेलच असं नाही. बॉन्डेड गोळ्यांमध्ये अ‍ॅक्यूबॉन्डला कंपनी १८०० सांगते, टर्मिनल असेंटला १४००. उलट बाजूने बघा, .३०० विन मॅगमधून (विंचेस्टर मॅग्नम, मॅग्नम म्हणजे जास्त दारूचं, जोरदार काडतूस) हलकी मऊ गोळी तीन हजाराच्या वर वेगाने निघाली आणि एल्क दाट झाडीत अचानक तीस यार्डांवर उभा ठाकला, तर ती गोळी जवळजवळ पूर्ण वेगात हाडावर आदळणार. जवळचा शॉट सोपा असं आपल्याला वाटतं, गोळीसाठी तोच सगळ्यात अवघड असतो.

म्हणून आधी स्वतःला विचारा, मी जास्तीत जास्त किती अंतरावरून मारणार आणि कमीत कमी किती. मग कंपनीच्या साइटवर त्या गोळीचा किमान वेग बघा, बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरमध्ये तुमच्या काडतुसाचे आकडे घाला, आणि जिथे वेग किमान वेगाच्या खाली जातो ते तुमचं शेवटचं अंतर, त्याच्यापुढे ट्रिगरला हात लावायचा नाही. कॅल्क्युलेटर फुकट मिळतात, दहा मिनिटांचं काम आहे, आणि तरी हे फार थोडे लोक करतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

लोक त्याऐवजी एनर्जीचा आकडा धरून बसतात. वर सांगितलेल्या गोळीची नळीच्या तोंडाशी ऊर्जा सुमारे २९०० फूट-पौंड. एल्कला लागताना १५०० फूट-पौंड हवेतच असा एक जुना ठोकताळा इथे सगळ्यांच्या तोंडी असतो. कोलोरॅडोच्या कायद्यातही आकडे आहेत, एल्क आणि मूससाठी किमान .२४ कॅलिबर (नळीचा व्यास, इंचात), किमान ८५ ग्रेनची गोळी आणि १०० यार्डांवर किमान १००० फूट-पौंड. कायदा पाळायचाच, पण ऊर्जेचा आकडा तुम्हाला हे सांगत नाही की ती ऊर्जा आत कशी खर्च होणार आहे. न फुलणारी गोळी आणि उत्तम फुलणारी गोळी, वजन आणि वेग सारखा असेल तर दोघींची ऊर्जा सारखीच, आणि जखमा मात्र पूर्ण वेगळ्या.

वजन किती घ्यायचं याचं उत्तर गोळीच्या प्रकारावर आहे. शिशाच्या साध्या गोळीत वजन जास्त घ्यायचं कारण अर्ध वजन वाटेतच जाणार, .३० कॅलिबरमध्ये एल्कसाठी १८०. तांब्यात एक पायरी खाली उतरा, १६५ किंवा १५० सुद्धा चालते, कारण ती वजन गमावत नाही आणि हलकी असल्याने वेग जास्त मिळतो, जो तिला हवाच असतो. शिवाय तांबं शिशापेक्षा हलकं असल्याने त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, आणि लांब गोळी हवेत स्थिर राहायला नळीतले, गोळीला फिरकी देणारे आटे पुरेसे जलद फिरणारे लागतात. .३०-०६ मध्ये आटे बहुधा दहा इंचात एक फेरा घेतात, तिथे अडचण नाही, पण जुन्या, हळू आट्यांच्या रायफलीत जड तांब्याची गोळी आडवीतिडवी जाऊ शकते. नळीवर किंवा कंपनीच्या कागदपत्रांत ट्विस्ट लिहिलेला असतो, बघून घ्या.

आता शिशाबद्दल, कारण हे मांस आपण खाणार आहोत, घरी मुलं खाणार आहेत. शिशाची गोळी आत फुटली की डोळ्याला न दिसणारे बारीक कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत मांसात पसरतात, एक्स-रे काढले की ते चांदण्यांसारखे दिसतात. शिशाची सुरक्षित अशी मात्रा लहान मुलांसाठी कुठलीच मानली जात नाही. जंगलात टाकलेल्या आतड्यांमधून हे शिसं गरुड आणि गिधाडं खातात. कॅलिफोर्निया काँडर हे प्रचंड गिधाड १९८२ मध्ये जगात फक्त २२ उरलं होतं, पिंजऱ्यात पैदास करून त्यांना वाचवलं, परत सोडलं, आणि सोडलेल्यांच्या मृत्यूचं एक मोठं कारण शिशाची विषबाधा निघालं. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून सगळ्या शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर बंदी घातली. कोलोरॅडोत बंदी नाही. पण घरात लहान मूल असेल, कुणी गरोदर असेल आणि तुम्ही खिमा करणार असाल तर मी तांब्याचीच गोळी घ्या म्हणेन, आणि शिशाची वापरलीत तर जखमेभोवतीचं मांस हात आखडता न घेता कापून टाका, तिथला खिमा करू नका.

नेमाचं काय? प्रीमियम डबा म्हणजे तुमच्या रायफलीत आपोआप अचूक असं नाही. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, एकाच मॉडेलच्या दोन रायफली शेजारी ठेवल्या तरी एकीला जी गोळी आवडते ती दुसरीला आवडत नाही. म्हणून दोन-तीन वेगवेगळे डबे घेऊन रेंजवर बसायचं आणि बघायचं. तीन गोळ्यांचा एक छान गट (कागदावर जवळजवळ पडलेली भोकं) आला म्हणून नाचू नका, तो योगायोग असू शकतो, वेगवेगळ्या दिवशी थंड नळीतून मारलेली पहिली गोळी कुठे जाते ते जास्त महत्त्वाचं, कारण रानात तुम्हाला बहुधा तीच मिळते. एल्कचा हृदय-फुफ्फुसांचा भाग पंधरा इंचाच्या आसपास असतो, त्यामुळे १०० यार्डांवर दीड इंचाचा गट देणारी चांगली फुलणारी गोळी मला अर्ध्या इंचाचा गट देणाऱ्या चुकीच्या गोळीपेक्षा कधीही चालेल. टार्गेटची मॅच बुलेट कागदावर सुंदर दिसते, पण ती जनावरासाठी बनवलेली नसते.

आवडलेलं काडतूस सापडलं की त्याच लॉट नंबरचे (एकाच खेपेत बनलेले) दोन-तीन डबे एकदम घ्या, लॉट बदलला की कधीकधी गोळी थोडी वेगळीकडे जाते. सराव स्वस्त काडतुसांनी करा, भरपूर करा, गुडघ्यावर बसून, झाडाला टेकून, धाप लागलेली असताना, पण स्कोपचं (रायफलीवरच्या दुर्बिणीचं) शेवटचं झिरो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल असं जुळवणं, मात्र शिकारीच्याच काडतुसाने करायचं. ऑगस्टच्या उन्हात मैदानावर झिरो केलेली रायफल नोव्हेंबरमध्ये दहा हजार फुटांवर गोठवणाऱ्या थंडीत जाते, तिथे दारू थोडी हळू जळते, हवाही विरळ असते, त्यामुळे कॅम्पवर पोचल्यावर, जिथे परवानगी असेल तिथे, एक-दोन गोळ्या मारून खात्री करून घेणं चांगलं, विमानाने आला असाल तर नक्कीच.

मोठ्या मॅग्नमचा मोह खूप होतो. .३०० विन मॅग १९६३ ची, ताकदवान आहे यात वाद नाही, पण तिचा धक्का खाऊन खाऊन ट्रिगर ओढताना डोळे मिटायची आणि खांदा आवळायची सवय लागली तर तीच गोळी फुफ्फुसांऐवजी जनावराच्या पोटात जाईल. जिम कॉर्बेटकडे .२७५ रिग्बी होती, म्हणजे आजच्या हिशोबाने अगदी मध्यम काडतूस, चंपावतच्या नरभक्षक वाघिणीनंतर १९०७ मध्ये त्याला ती भेट मिळाली होती, आणि तिने त्याने पुढे काय काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. आफ्रिकेत म्हशीसारख्या अंगावर येणाऱ्या जनावरांसाठी मात्र वेगळा नियम, तिथे बऱ्याच देशांत कायद्यानेच किमान .३७५ लागते आणि १९१२ ची .३७५ एच अँड एच अजून त्या कामाला आहे, तो वेगळाच विषय. एल्कसाठी .२७०, .३०८, .३०-०६, ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम यातलं जे तुम्हाला न घाबरता मारता येतं ते घ्या आणि वाचलेले पैसे गोळीवर घाला. ६.५ क्रीडमूरबद्दल फार विचारतात. कायद्यात बसते, काम करते, पण तिच्यात बॉन्डेड किंवा तांब्याचीच गोळी घाला, अंतर तीनशेच्या आत ठेवा आणि वाईट कोनातला शॉट सोडून द्या.

तर पहिल्यांदा जाणाऱ्याला माझा सरळ सल्ला असा. .३०-०६ किंवा .३०८ असेल आणि तीनशे यार्डांच्या आतच मारणार असाल तर १६५ ग्रेनची तांब्याची किंवा १८० ची पार्टिशन. मोकळ्या कुरणात चारशेपर्यंत जायची खरोखर तयारी असेल, म्हणजे सराव असेल, तर १८० च्या आसपासची बॉन्डेड, चांगल्या बीसीची. झाडीतच फिरणार असाल तर बीसी विसरून जा, दणकटपणा बघा. फक्त हरणाचा टॅग असेल तर साधा डबा घ्या. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याला कोलोरॅडोचं एल्क लायसन्सच सातशे डॉलरच्या वर पडतं, वर प्रवास, रजा, सामान, आणि सगळी शिकार शेवटी एका गोळीवर येते, तिथे चाळीस डॉलर वाचवण्यात अर्थ नाही.

घरी आणल्यावर डब्यावरचं, प्रत्येक काडतुसाच्या बुडावरचं आणि नळीवर कोरलेलं नाव अक्षरन्‌अक्षर जुळतंय का ते बघा. .३०० नावाची अनेक काडतुसं आहेत आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत, .३०० ब्लॅकआउट तर .२२३ च्या रायफलीत बसू शकतं आणि मारलं की बंदूक फुटते. दोन रायफली असतील तर रेंजवर एका वेळी एकाच प्रकारची काडतुसं टेबलावर ठेवा.

आणि गोळी कितीही महागाची असो, पहिली लागल्याबरोबर बोल्ट ओढून दुसरी तयार ठेवा. फुफ्फुसात नीट लागलेला एल्कसुद्धा कधीकधी काहीच झालं नाही असा उभा राहतो किंवा शंभर-दीडशे यार्ड चालत जातो. तो पायांवर उभा आहे, मागे दुसरा एल्क नाही आणि शॉट सुरक्षित आहे, तोपर्यंत मारत राहायचं. पडल्यावरही थोडं थांबून मागच्या बाजूने जवळ जा, आणि सोलताना गोळी कुठून शिरली, कुठलं हाड लागलं, पलीकडे बाहेर पडली का कातडीखाली सापडली, ते बघून फोटो काढून ठेवा, कारण पुढच्या वर्षी हाच डबा घ्यायचा की नाही ते त्यावरूनच कळेल.